हाताला हुन्नर : लाकडी लोकल आणि तिचा खोका



डोंबिवली पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती फर्निचरचे सुतारकाम करतात. कामावर उरलेले लाकडाचे तुकडे मालक फेकून देतो, ते गोणीत भरून त्यांनी घरी आणून ठेवले आहेत. धाकट्या मुलासाठी त्यातून एक ट्रक केला, तो शेजारच्यांनी पाहिला आणि 'आमच्या पोरालाही करून द्या' म्हणून दोघे-तिघे मागे लागले. ताईंचा प्रश्न असा, की लाकडी गाड्यांचा धंदा घरच्या घरी करता येईल काय? आणि त्यासाठी बचतगटातून कर्ज उचलावे काय?

ताई, पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर 'होय'. दुसऱ्याला 'आताच नको'. का नको, ते पुढे सांगतो. डेन्मार्कमध्ये ओले कर्क क्रिस्चन्सन नावाचे एक सुतार होते. मंदीत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली तेव्हा १९३२ साली ते लाकडी खेळणी करू लागले. त्यांचीच पुढे 'लेगो' कंपनी झाली. प्रत्येकाचे असे होत नाही. पण सुताराच्या हाताला खेळणी परकी नाहीत, एवढे त्यावरून समजते.

आता गाडी कोणती करावी? बाजारात जाऊन पाहा. परदेशी मोटारी, शर्यतीच्या गाड्या, पोलिसांच्या निळ्या दिव्याच्या जीपा यांचेच ढीग असतात. आपले मूल रोज काय पाहते? लोकल, रिक्षा, एस. टी. आणि पाण्याचा टँकर. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात मूल वाढू लागले म्हणजे कशाकशाशी खेळते याची यादी आली आहे. त्यात खेळण्यातला नांगर आहे, भिरभिरे आहे, धनुष्य आहे आणि 'रथक' म्हणजे छोटा रथही आहे. त्या काळच्या रस्त्यावरून जे जात होते तेच मुलाने खेळायला घेतले. आपल्याकडे चालायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती तीन चाकांचा पांगुळगाडा देतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढीत नेतात. सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिचे नाव निघते ते रंगीत फळांसाठी आणि भातुकलीसाठी. ठाणे-कल्याणची खूण असलेली गाडी कोणी करायची म्हटली तर ती लोकलच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर चालून ठाण्यालाच आली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले.

तर लोकलचा आराखडा असा.

खऱ्या लोकलचा डबा सुमारे २० मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद असतो. म्हणजे रुंदीच्या साडेपाच पट लांबी. हेच प्रमाण खेळण्यात ठेवले तर साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या डब्याला पंचवीस सेंटिमीटर लांबी लागेल, आणि तीन डबे जोडले की चाळीतल्या खोलीत वळवायला जागा नाही. म्हणून लांबी कापायची. १२ सेंटिमीटर लांब, साडेचार रुंद, साडेपाच उंच असा डबा घ्या. प्रमाण चुकले तरी मुलाला ती लोकलच वाटते, कारण मूल लोकल ओळखते ती फूटपट्टीने नव्हे. सपाट तोंड, रुंद उघडे दरवाजे, खिडक्यांची रांग आणि फर्स्ट क्लासच्या डब्यावरचे तिरपे पट्टे, एवढ्यावर ते ओळखते. दरवाजा वेगळा बसवू नका. पटाशीने अर्धा सेंटिमीटर खोल खाच पाडली की पुरे. खिडक्या गिरमिटाने आरपार पाडण्याचा मोह होतो, पण त्या भोकांत चिमुकले बोट अडकते. त्या रंगानेच काढाव्यात. टपावरचा पेंटोग्राफ तारेचा करणे म्हणजे मुलाच्या डोळ्याशी खेळ. तोही रंगात काढावा, नाहीतर लाकडाची चपटी पट्टी चिकटवावी.

आमचे एक म्हणणे आहे, पटले तर घ्यावे. लोकल म्हटली की माणसे आली, पण दारात लोंबकळणारी माणसे रंगवू नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीच्या दारातून पडून प्रवासी दगावले. आपल्या वस्त्यांतून कामावर जाणाऱ्यांना ही धास्ती रोजची आहे, ती मुलाच्या हातात कशाला द्यायची? खिडकीतून बाहेर पाहणारे चेहरे रंगवा.

चाकांकडे विशेष लक्ष द्यावे. बैलगाडीत आस स्थिर राहतो आणि चाक फिरते. रेल्वेत उलटे असते. दोन्ही चाके आसाला घट्ट बसवलेली असतात आणि आसच फिरतो. खेळण्यातही रेल्वेचीच रीत चांगली, कारण चाक आसाला चिकटवून टाकल्यावर ते सहजी निघून येत नाही. ५ सेंटिमीटर व्यासाचे चाक होल-सॉने काढावे, म्हणजे मधले भोक आपोआप बरोबर केंद्रात येते. आस ८ मिलिमीटरच्या गोल लाकडी दांडीचा. डब्यातले भोक मात्र १० मिलिमीटरचे. इतके सैल कशाला, असे भाऊ विचारतील. मे महिन्यात केलेली गाडी जुलैत चालली पाहिजे म्हणून. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि बेताच्या भोकातला आस जाम होतो. भोकात मेणबत्तीचे मेण चोळावे, तेल घालू नये. तेलाला धूळ धरते.

चाक आणि डबा यांतली फट फार कमी तरी असावी, नाहीतर मोकळी तरी. खेळण्यांच्या मानकात हलत्या भागांतील फटींचा हिशेब असा आहे, की ५ मिलिमीटरची काडी आत जाता कामा नये, आणि जात असेल तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे. मधल्या मापाच्या फटीत बोट चिरडते. डबे जोडायला लोहचुंबक वापरण्याची हल्ली फॅशन आहे. ती आपण सोडावी. निसटलेले दोन चुंबक मुलाने गिळले तर आतड्यांत ते एकमेकांना खेचतात आणि आतडे फाटते, शस्त्रक्रियेची पाळी येते. जाड सुती पट्टीचा आखूड फासा आणि पक्की चिकटवलेली खुंटी, एवढ्यावर डबे छान ओढले जातात. पुढच्या डब्याला ओढायची दोरी लावलीत तर तिच्या टोकाला मणी किंवा फास नको.

रिक्षाबद्दल थोडक्यात. पुढे एकच चाक असल्याने वळताना ती कलंडते. मागच्या चाकांतले अंतर खरीपेक्षा जास्त ठेवा आणि जड लाकूड खाली, मागच्या बाजूला घ्या. एस. टी. त्या मानाने सोपी, एकच ठोकळा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. सुरू झाली तेव्हा तिच्या गाड्यांची बॉडी खरोखरच लाकडी होती, हे मुलांना जरूर सांगावे.

आता गोणीतल्या त्या तुकड्यांविषयी, आणि इथे ताईंची थोडी निराशा होणार आहे. फर्निचरच्या कामात उरणारा माल बहुतेक प्लायवुड, एम. डी. एफ. आणि सनमायका लावलेला असतो. यातले काहीही मुलाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला वापरू नये. त्यांत फॉर्माल्डिहाइडचा चिकट द्रव असतो, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले असते, आणि प्लायच्या कडेचे कुसळ निघतेच निघते. गोणी उलटी करून फक्त सलग लाकूड वेगळे काढा : सागवान, शिवण, आंबा, रबरवुड. शिवण सगळ्यांत चांगले. हलके असते आणि वाकत नाही. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन स्वस्त मिळते, पण फळीवरचा शिक्का पाहून घ्यावा. परदेशी मालाच्या खोक्यांवर 'एच. टी.' असेल तर लाकूड नुसते उष्णतेने शेकलेले असते. 'एम. बी.' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते नको. आणि डोंबिवली एम. आय. डी. सी.तल्या रसायनांच्या कारखान्यातून आलेल्या फळ्या शिक्का कसलाही असो, चुलीलाही घालू नयेत. त्यावर काय सांडले होते ते कोणी सांगत नाही.

काचपेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०, आणि तो लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच मारावा. या कामाला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नाकातोंडाला फडके बांधून ते गॅलरीत करावे. घरात तान्हे मूल झोपलेले असताना करू नये.

रंगाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पिवळ्या, नारिंगी आणि लाल ऑइलपेंटला जो झगझगीतपणा असतो तो पूर्वापार लेड क्रोमेटमुळे, म्हणजे शिशामुळे येत असे. रिक्षाचा पिवळा आणि एस. टी.चा लाल, नेमके हेच रंग आपल्याला हवे असतात. मूल गाडी चोखते, रंगाचे पोपडे पोटात जातात. शिसे मेंदूवर परिणाम करते, मुलाची समज आणि अभ्यासातले लक्ष कमी होते. ही झीज पुढे भरून निघत नाही. ज्या घरात मुलाच्या शाळेसाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात, त्या घरात हे विष खेळण्यातून येता कामा नये. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त असू नये असा नियम आहे, आणि तसे डब्यावर छापावे लागते. कारखान्यात लागणाऱ्या औद्योगिक रंगांना तो नियम लागू नाही. म्हणून सुटा रंग, कोणाच्या कंपनीतून आणलेला रंग किंवा माळ्यावरचा जुना डबा वापरू नका. नवा डबा आणा, त्यावरची ती ओळ वाचा, आणि पाण्यात मिसळणारा रंग घ्या.

खरे म्हणजे सगळी गाडी रंगवायची गरज नाही. चाके आणि टप लाकडाच्याच रंगाचे ठेवून बाजूंनाच रंग दिला तर गाडी उलट उठून दिसते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी लावतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. भाऊंना कोठे लेथ मिळाला तर चाकांसाठी हा प्रयोग करावा. नुसत्या लाकडाला कच्चे जवसाचे तेल आणि मधमाशांचे मेण चोळले तरी चालते. 'बॉइल्ड' म्हणून मिळणारे जवसाचे तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. आणखी एक, जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात सुटा लहान भाग चालत नाही. त्याचे माप म्हणजे ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक आखूड नळी. तीत जो तुकडा पूर्ण बसतो तो मुलाच्या घशात अडकू शकतो. पूर्वी फोटोच्या रिळाची काळी डबी मिळे, ती साधारण याच मापाची. आपले ५ सेंटिमीटरचे चाक तीत बसत नाही, म्हणून तर ते तेवढे घेतले. घरची कसोटी अशी घ्या : चाकाला दोरी बांधून सात-आठ लिटर पाण्याची बादली टांगा, आणि गाडी कमरेच्या उंचीवरून लादीवर दहा वेळा पाडा. चाक निखळले किंवा लाकूड चिरले तर जोड बदला. प्रयोगशाळेच्या चाचणीची जागा ही कसोटी घेत नाही.

आता कर्जाचे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांची खेळणी भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याशिवाय आणि आय. एस. आय. चिन्हाशिवाय करून विकणे हा गुन्हा आहे. लाकडी खेळणीही त्यात आली. परवान्याचा आणि चाचण्यांचा खर्च एका खोलीतल्या धंद्याला झेपणारा नाही. मात्र डिसेंबर २०२० मध्ये केलेल्या दुरुस्तीने दोघांना सूट मिळाली : भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत उत्पादकांना, आणि केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः केलेल्या मालापुरती. दुसरी वाट आपली आहे. भाऊंनी आधी कारागीर म्हणून नोंदणीचा अर्ज करावा आणि 'पहचान' ओळखपत्र हातात पडू द्यावे. आपल्या गाड्या हस्तकलेत बसतात की नाही, हेही त्याच कार्यालयात विचारून घ्यावे. तोवर घरच्या आणि नात्यातल्या मुलांसाठी वीस गाड्या करा. बचतगटाचे कर्ज कागद झाल्यावर. गटातल्या दहाजणींचा पैसा आधी लाकडात घातला आणि मग माल विकताच येईना, तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मग खोका. लोक गाडी आधी करतात आणि खोका मागाहून शोधतात. आमच्या मते दोन्ही एकाच कागदावर आखावे. इंग्लंडमधल्या लेस्नी कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेऊ देत. वडिलांनी तिला काडेपेटीत बसेल असा छोटा पितळी रोडरोलर करून दिला. १९५३ पासून त्याच मापाच्या गाड्या 'मॅचबॉक्स' नावाने काडेपेटीसारख्या खोक्यातून विकल्या जाऊ लागल्या आणि जगभर गेल्या. तिथे खोका आधी आला, गाडी त्याच्या मापाने झाली.

आपल्या लोकलचे तीन डबे एका ओळीत ठेवले तर खोका चाळीस सेंटिमीटर लांब होतो, मधेच वाकतो आणि पिशवीत बसत नाही. तेच डबे शेजारी-शेजारी ठेवले, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या, की २३ सेंटिमीटर लांब, १४ रुंद आणि ९ उंच असा सुटसुटीत खोका होतो. तीन प्लायचा नालीदार पुठ्ठा पुरे. कुरियरने पाठवायचा तर बाहेरून पाच प्लायचा दुसरा. प्लॅस्टिकची खिडकी नको, पॉलिथीनची पिशवी तर मुळीच नको, लहान मुले ती डोक्यात घालतात. स्टेपलच्या पिनाही नकोत, गोंद वापरा. डबे साध्या खाकी कागदात गुंडाळावेत. रद्दी वर्तमानपत्राची शाई फिक्या लाकडाला लागते.

आणि या खोक्याचा बोगदा करता येतो. १४ बाय ९ च्या दोन्ही तोंडांवर साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि ८ उंच अशी कमान आखायची. शिवणकामातले दातेरी चाक त्या रेघेवरून दाबून फिरवले की बारीक छिद्रांची ओळ पडते. मुलाने अंगठ्याने दाबले की कमान सुटते आणि पारसिकचा बोगदा तयार. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून जास्त लांबीचा हा बोगदा ठाण्याच्या पलीकडे आहेच. वर्षानुवर्षे फास्ट लोकल त्यातूनच जात, आत शिरल्यावर पोरे ओरडत. खोका फेकला न जाता खेळात राहतो. त्याच्या बाजूंवर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण ही नावे क्रमाने ठळक अक्षरांत छापा. एका रंगाची स्क्रीन पुरते. पहिलीतले मूल गाडी ढकलता ढकलता ती वाचील.

खोक्याच्या तळाशी काय लिहावे, हे वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ठरलेले आहे : वस्तूचे नाव, करणाऱ्याचे नाव-पत्ता, आत किती नग, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रारीसाठी फोन. शिवाय कोणत्या वयाच्या मुलासाठी ते आणि कोणते लाकूड, कोणता रंग वापरला तेही लिहावे. चित्र आतल्या मालाचेच असावे. तीन डबे असताना बारा डब्यांची गाडी छापू नये.

विक्रीची ठिकाणे म्हणजे बचतगटांची प्रदर्शने, शाळेची स्नेहसंमेलने आणि १४ एप्रिलच्या वेळी लागणारे स्टॉल. लोकलच्या डब्यात फिरून विकू नये, विनापरवाना विक्री रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली येते आणि सगळा माल जप्त होतो.

किंमत काढताना लाकूड, रंग, गोंद, पुठ्ठा, छपाई हे सगळेजण धरतात. कापण्याचे भाऊंचे तासही धरतील. काचपेपर मारणे, रंगाचे दोन हात देणे, खोके घडी घालून चिकटवणे ही कामे घरात बहुधा ताईंच्या आणि मोठ्या मुलीच्या वाट्याला येतात आणि हिशेबात कोठेच दिसत नाहीत. पहिल्या वीस गाड्यांच्या वेळी घड्याळ समोर ठेवा, एका वहीत प्रत्येकाचे तास वेगळ्या रकान्यात लिहा, आणि त्या सगळ्या तासांची मजुरी धरूनच खोक्यावर किंमत छापा.